दुलारीचं दप्तर

शुक्रवारी दुपारी बीड बायपासच्या मागच्या शाळेत होतो. पेपरची नोकरी संपल्यापासून आठवड्यातून दोनदा तिथल्या चौथीच्या वर्गाला गोष्टी वाचून दाखवतो... ऐकतात बिचारी.

महिन्यापूर्वी या वर्गात दुलारी आली. छत्तीसगडची. आईवडील शेजारच्या इमारतीच्या कामावर. पोरगी कुणाशी बोलायची नाही आणि पाठीवरचं दप्तर कधी काढायची नाही. बाकावर बसली तरी दप्तर पाठीलाच... कुणी 'चल' म्हटलं की निघायच्या तयारीत.

त्या शुक्रवारी वर्गाच्या बाईंनी सांगितलं, सकाळीच तिची आई बोलून गेली होती. "मन नहीं लगता इसका, मैडम. आज और देखते हैं. नहीं तो कल से छोटे को संभालेगी." हे ऐकल्यावर माझं काही वाचण्यात लक्ष लागेना.

बरं झालं, मुलींनाही गोष्ट नकोच होती. नागपंचमी जवळ आलेली, पावसाची उघडीप... त्यांना फुगड्या खेळायच्या होत्या. पटापट जोड्या लागल्या. दुलारी भिंतीशी उभी, दप्तरासकट. मी "खेलोगी?" विचारलं, तर मान खाली.

मग बसफुगडी निघाली. उकिडवं बसून एकेक पाय पुढं टाकत उड्या मारायच्या. साक्षी सहाव्या उडीला आडवी. आफरीन तर बसतानाच कलंडली. "अय, बटाट्याचं पोतं पडलं!" सगळ्या खिदळायला लागल्या.

तेवढ्यात माझ्या मांडीवर काहीतरी जड आलं. दुलारीनं दप्तर काढून ठेवलं होतं, न विचारता... आणि ती मैदानात उकिडवी बसली.

पुढचं काय सांगू! वीस, तीस, पन्नास... मुली मोजतायत आणि हिचे पाय थांबत नाहीत. शेवटी साक्षीच ओरडली, "अगं लई झालं, थांब की!"

दुलारी धापा टाकत हसली. "हमारे गाँव में सब खेलते हैं." महिन्याभरातलं पहिलं वाक्य.

आफरीननं तिचा हात पकडला. "पैले मेरेकू सिखा!"

"ए, मी आधी!" साक्षीनं दुसरा हात ओढला.

शाळा सुटली. सगळा घोळका फाटकापर्यंत, मधोमध दुलारी. न्यायला आलेल्या आईला काहीतरी सांगत, उड्या मारत गेली. मी मागं वळून पाहतो तर दप्तर माझ्या खुर्चीवरच! हाक मारायला धावलो, तर बाईंनी अडवलं.

"राहू द्या सर. विसरली, चांगलं झालं."

शनिवारी माझा वार नसतो. तरी सकाळी सातलाच शाळेत पोचलो... पोरगी येते की नाही, बघायचं होतं. दप्तर साक्षीनं आपल्या बाकावर, शेजारी ठेवून दिलेलं. जागा धरली होती म्हणे.

दुलारी आली. दप्तर उचलून बाकाखाली सरकवलं आणि साक्षीला चिकटून बसली.

इतकी वर्षं बातम्या लिहिल्या. कुणी दप्तर विसरलं, याची बातमी होत नाही... म्हणून इथं लिहिली.