गिळल्याशिवाय कळत नाही

जळगाव स्टेशनवर माझे वडील, आबा, मला सोडायला आले, तेव्हा त्यांनी विहारात जाताना घालायचा पांढरा सदरा घातला होता. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. मायने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला होता, आणि ती गाठ पुन्हापुन्हा सोडून बांधत होती. माझी थोरली बहीण, अक्का, रडून रडून दमली होती. गाडी हलली तसे आबा खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, “तठे बठ्ठं नवं शे, पोरी. बाकी काय बी इसर. पंचशील इसरू नको.”

आबा एरंडोलला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. तरुणपणी ते भरपूर प्यायचे, हे आम्हांला वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून कळलेलं. घरात कधी कुणी बोललं नाही. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी दारू सोडली ती कायमची. तेव्हापासून दर रविवारी विहारात पुढे बसून पंचशील सांगायचे ते आबाच. ते एक ओळ म्हणत, मागून सगळी वस्ती म्हणे. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. त्या ओळीला आबांचा आवाज चढायचा. वस्तीतल्या किती घरांतल्या चुली त्या एका ओळीवर पेटत्या राहिल्या, हे तिथल्या बायांना विचारावं.

माझं लग्न इंग्लंडात कामाला असलेल्या प्रकाशशी झालं होतं. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात तो गालिच्याच्या गिरणीत होता. गाव म्हणजे काळवंडलेल्या दगडांची घरं, सतत भिजलेली. पहिली दोन वर्षं बरी गेली. प्रज्ञा झाली. मग गिरणी बंद पडली. प्रकाश काम शोधायला दुसऱ्या शहरात गेला. आधी आठवड्याने यायचा, मग महिन्याने, मग आलाच नाही. त्याने तिकडे दुसरं घर मांडल्याचं मला त्याच्याच मित्राच्या बायकोने सांगितलं, माझ्या दारात उभं राहून, आत न येता.

परत का नाही गेलीस, असं मला आजही कुणीकुणी विचारतं. माझ्यामागे धाकटी रत्ना लग्नाची होती. नवऱ्याने टाकलेली बहीण घरात येऊन बसली की पुढच्या बहिणीला स्थळं कशी येतात, हे एरंडोलला वेगळं सांगावं लागत नाही. मी घरी कळवलं, “प्रकाश सोडून गेला. मी इथेच राहते.” माय फोनवर नुसती रडत राहिली.

कडेवर प्रज्ञा घेऊन मी कामासाठी दारोदार फिरले. धोबीघर, इस्पितळ, बिस्किटांचा कारखाना. पोर कुठे ठेवणार, या प्रश्नावर सगळीकडे गाडी अडायची. शेवटी रेल्वेच्या पुलाखालच्या जुन्या तबेल्यात मला काम मिळालं. तिथे एक विधवा बाई स्वतःच्या हिमतीवर एल बनवायची. एल म्हणजे तिकडची बिअरच, पण छोट्या भट्टीत, हाताने बनवलेली, मोठ्या कंपन्यांच्या बाटलीतल्यासारखी नाही. बाईंचं नाव मार्गारेट. त्या स्वतःच एल काढायच्या आणि स्वतःच व्हॅन चालवून आसपासच्या पबमध्ये पोचवायच्या. मी परत आलेली रिकामी पिपं उकळत्या पाण्याने धुवायची. प्रज्ञा त्यांच्या ऑफिसात रिकाम्या खोक्यात बसून खेळायची. पिपं धुणं म्हणजे पिणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या तबेल्यात पहिल्या दिवशी शिरले तेव्हा मी दारातच थबकले होते. टाकीत आंबत असलेल्या एलला पिकलेल्या केळ्यांचा वास येत होता. फैजपूरला मामांकडे केळी पिकवायच्या खोलीत शिरलं की अंगावर यायचा तोच. मी तशीच उभी राहिले. मार्गारेटबाईंनी विचारलं, “काय झालं, लव्ह?” तिकडे बसचा कंडक्टरही सगळ्यांना लव्हच म्हणतो. मी म्हटलं, “केळी.” त्या हसल्या. “यीस्टमुळे येतो तसा वास. खोली गरम झाली की जास्त येतो.”

त्या हिवाळ्यात मार्गारेटबाईंना जबर ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास येणं थांबलं ते कायमचं. चहा आणि गरम पाणी त्यांना सारखंच लागायला लागलं. दोन पबांनी पिपं परत पाठवली. एल बिघडली होती आणि बाईंना ते कळलंच नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तीन छोटे पेले होते. एक फिकट, एक तांबूस, एक काळा.

“तुला वास कळतो,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी चाखशील?”

मी सांगितलं, मी बौद्ध आहे, आमच्यात चालत नाही, मी शब्द दिलेला आहे. त्या ऐकत राहिल्या. मी विचारलं, “तोंडात घेऊन थुंकलं तर?”

“मीही सुरुवातीला विचारलं होतं नवऱ्याला,” त्या म्हणाल्या. “एलचा कडूपणा जिभेच्या मागे, घशात कळतो. गिळल्याशिवाय कळत नाही.” मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “आणखी एक पिंप परत आलं तर मला हे बंद करावं लागेल. मी तुझ्यावर जबरदस्ती करत नाही.”

जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं. नाही म्हणता आलं असतं.

खोक्यात प्रज्ञा झोपली होती, गालाखाली हात घेऊन. मी तांबूस पेला उचलला. आधी भाजलेल्या धान्याचा गोडवा आला, तव्यावर करपलेल्या भाकरीच्या कडेसारखा. मग संत्र्याच्या सालीचा वास. मग घशात कडू उतरलं, आणि त्या कडूबरोबर विहार, पांढरे कपडे, आबांचा चढलेला आवाज, सगळं खाली गेलं. “चांगली आहे,” मी म्हटलं. फिकट चाखली. तीही चांगली होती. काळी चाखली आणि म्हटलं, “हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.” मार्गारेटबाईंनी ते अख्खं पिंप मोरीत ओतून दिलं. मी मागच्या अंगणात जाऊन ओकले. दारूने नव्हे, तीन घोटांत काय होणार.

पुढे ते रोजचं झालं. लोण्यासारखा वास आला तर एल अजून कच्ची, आंबूस लागली तर पिंप नीट धुतलेलं नाही, असं मी सांगायची. पिपं परत येणं थांबलं. लोक पबमध्ये आमची एल मागून प्यायचे. मला त्याचा आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की स्वतःची किळस यायची. घरी जाऊन मी इतके दात घासायची की हिरड्यांतून रक्त यायचं.

एरंडोलला बसस्टँडजवळ एसटीडी बूथ झाला होता. ठरलेल्या रविवारी आबा तिथे येऊन थांबत आणि मी फोन करी. एकदा त्यांनी सरळच विचारलं, “काय काम करस तू तठे?”

आबांना खोटं सांगायची मला सवय नव्हती. मी सगळं सांगितलं.

मग आबा म्हणाले, “चाखीसन थुकस, का गियस?” आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो.

“गियस, आबा.”

त्यांनी फोन ठेवला. आपटला नाही. हळूच ठेवला.

पुढच्या रविवारी बूथवर अक्का होती. “आबा आते विहारमा पुढे बसत नही,” ती म्हणाली. “मांगे बसतस. लोके इचारतस, ते म्हनतस आवाज बसेल शे.” मग तिला रडू फुटलं. “सोड ना वं ते काम. दुसरं काय बी कर.”

मी सोडलं. खरंच सोडलं. प्रज्ञाला घेऊन पुन्हा तीच दारं, तीच नकारघंटा. घरात हीटर लावणं बंद केलं. पोरीची छाती भरली, ती झोपेत घरघरायला लागली. एके सकाळी ती खोकून खोकून निळी पडली, आणि डॉक्टरकडून येताना माझे पाय आपोआप पुलाखाली वळले. मार्गारेटबाईंनी बॉयलरजवळ खुर्ची ओढून दिली आणि प्रज्ञाला आपल्या कोटात गुंडाळून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तीन पेले पुन्हा टेबलावर आले.

आबा नंतर कधीच बूथवर आले नाहीत. त्यांचा आवाज मी ऐकला तो थेट रत्नाच्या लग्नानंतर, एरंडोलला गेले तेव्हा. प्रज्ञा पाच वर्षांची होती. आबा खाटेवर होते, श्वासाला त्रास. जिनिंगचा कापूस छातीत बसलेला. मी पायाला हात लावला. त्यांनी पाय आखडले नाहीत, पण बोललेही नाहीत. नातीशी मात्र बोलायचे. तिचं निम्मं इंग्रजी, त्यांची अहिराणी, तरी दोघांचं जमायचं.

आम्ही निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी प्रज्ञाला समोर बसवलं आणि पंचशील शिकवायला घेतलं. धापा टाकत एकेक ओळ सांगत होते. ती अडखळत मागून म्हणत होती. मीही दाराशी हात जोडून बसले आणि म्हणायला लागले. चार ओळी झाल्या. आबांनी माझ्याकडे बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“तू पाचवं म्हनू नको,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तुन्हं पाचवं तुटनं. चौथं तरी ऱ्हाऊ दे.”

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

प्रज्ञाने पाचवी ओळ एकटीने म्हटली. आबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ती मला माफी होती की निकाल, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. विचारायचं धाडस होईना, आणि दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. त्याच हिवाळ्यात आबा गेले. मला पोचता आलं नाही. अक्काचा फोन आला त्या सकाळी मी कामावर गेले, तीन पेले चाखले आणि कशालाच चव लागली नाही. पाणी, पाणी, पाणी. मार्गारेटबाई म्हणाल्या, “आज राहू दे, लव्ह.” मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून ओरडून रडले.

दोन वर्षांनी त्यांनी भट्टी विकली, गुडघे चालेनात. मला एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. आता मी थेंबही घेत नाही. ते ज्यांना सांगायचं ते आबाच उरले नाहीत. मायला सांगितलं तर ती म्हणते, “बरं झायं,” आणि जेवलीस का ते विचारते.

अक्का अजून फोनवर विचारते, घरी कधी येशील. मी म्हणते, येईन. पण ज्या घरी जायचं ते कुठलं, हे माझं मलाच कळत नाही. तिथल्या खाटेवर आता मायजवळ शिकायला राहिलेल्या रत्नाच्या मुलांची दप्तरं असतात. ज्याच्यासमोर मला खोटं बोलता येत नव्हतं तो माणूस गेला, आणि मी बरीच वर्षं समजत होते की घर त्याच्याबरोबरच गेलं.

परवा मी कणीक मळत होते. प्रज्ञा ओट्याला टेकून उभी होती. तिने एकदम विचारलं, “आई, तुला आबांचा राग यायचा?”

हात कणकेत तसेच राहिले. आबांनंतर इतक्या वर्षांत मला इतकं सरळ कुणी काही विचारलं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती, नजर न हटवता.

“हो,” मी म्हटलं. “फार यायचा. अजून येतो.”

ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “सांग.”