कोपऱ्यातली वीस मिनिटं

घरी तिला सगळे थोरली म्हणत, आणि परदेशात कपडे धुण्याच्या कारखान्यात येऊन तीन वर्षं झाली तरी खोलीतल्या बायकांनी तेच नाव चालू ठेवलं होतं. खोली एक, पलंग आठ आणि कोपरा एकच. हा कोपरा म्हणजे खोलीची सगळी इभ्रत. तिथे पिवळा पडदा होता, गादी घातलेली खुर्ची होती आणि प्लॅस्टिकचं एक झाड होतं. दर रविवारी सकाळी प्रत्येकीने आळीपाळीने वीस मिनिटं तिथे बसायचं आणि घरच्यांना फोनवर तोंड दाखवायचं. निळा स्वेटरही एकच, तोसुद्धा आळीपाळीने. हिच्या अंगावर दर रविवारी तोच स्वेटर कसा, हे विचारायचं आठ घरांतल्या एकालाही कधी सुचलं नाही. लांबच्या माणसाचं सुख बघताना लोक फारशा चौकशा करत नाहीत.

एकदा धाकट्या बहिणीने विचारलं होतं, "ताई, पडद्यामागे गॅलरी आहे का गं?" थोरलीच्या तोंडून 'हो' निघून गेलं. पडद्यामागे विजेचा मीटर होता. मग काय, त्या मीटरवर तिला तीन वर्षं ऊन पाडावं लागलं, कुंड्या ठेवाव्या लागल्या, एकदा तर कबुतराने तिथे अंडीही घातली. आई भेटेल त्याला सांगत सुटली, पोरगी सुखात आहे. थोरलीला खोटं बोलायचं वाईट वाटे, पण आईचा चेहरा असा काही खुलायचा की तेवढ्यावर तिचा आठवडा निभावून जाई. खोलीतल्या सगळ्यांत वयस्क मावशींनी नियम एकच घालून दिला होता, तो म्हणजे बोलताना फोन खोलीकडे फिरवायचा नाही. एकीने फिरवला होता. तिच्या घरी महिनाभर रडारड चालली आणि गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

शनिवारी कारखान्यात मुकादमबाई हसत हसत थोरलीजवळ आल्या.

"तुझी बहीण येतेय की! बोलली नाहीस ती? एजंटकडून नाव आलंय तिचं. बरं झालं, रुळावर माणूस हवंच होतं."

रूळ म्हणजे चादरींना इस्त्री करणारं यंत्र. पलंगाएवढे लांब, तापलेले दोन रूळ एकमेकांवर फिरत असत. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून त्यांच्या तोंडाशी लावायची आणि झटकन हात मागे घ्यायचे. चादर सुरकुतली तर सुरकुतली, हात लावायचा नाही, ही पहिल्या दिवशीची शिकवण. हात आत जाऊ नये म्हणून तोंडावर लावलेली आडवी पट्टी कधीच मोडून पडली होती. तीन आठवड्यांपूर्वी खिडकीजवळच्या पलंगावरच्या बाईला एक सुरकुती दिसली आणि तिने सवयीने त्यावरून तळहात फिरवला. यंत्र बंद होईपर्यंत हात मनगटापर्यंत आत गेला होता. दुसरं टोक थोरलीच्या हातात होतं. ती किंकाळी तिच्या कानातून अजून गेली नव्हती. बाईला घरी पाठवून दिलं, पलंग रिकामा राहिला. आणि नवीन माणसाला आधी रुळावर उभं करायचं, ही तिथली रीतच होती.

त्यात धाकटी! लहानपणी आई इस्त्रीला बसली की दोघींना कपडा तळहाताने सपाट करून द्यायला लावायची. थोरली अंगचोरपणा करायची, धाकटी मात्र जीव ओतून करायची. तिला सुरकुती म्हणून बघवत नसे. पाहुण्यांच्या घरीसुद्धा आधी गादीवरची चादर सारखी करायची आणि मग बसायची. सगळे तिला त्यावरून चिडवायचे, थोरली सर्वांत जास्त. उरलेला दिवसभर प्रत्येक चादरीच्या दुसऱ्या टोकाला तिला धाकटीचे हात दिसत राहिले.

रविवारी तिचा नंबर आला तेव्हा तिला स्वेटरची बाही सापडेना.

"अगं, तोंड बघ केवढंसं झालंय," मावशी म्हणाल्या. "गाल जरा चोळ. आईला वाटेल इथे आम्ही तुला उपाशी ठेवतो."

फोन लागला. आई नव्हतीच, एकटी धाकटी होती, आणि आनंदाने नुसती फुलली होती.

"कळलं वाटतं तुला! मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. उद्या शाळेतल्या नोकरीचा राजीनामा देते आणि सही करून कागद एजंटकडे."

"येऊ नकोस," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"काम फार असतं गं. तुला झेपायचं नाही."

"तुला झेपलं आणि मला नाही झेपणार?" धाकटीचं हसू मावळलं. "तीन वर्षं तुझी गॅलरी ऐकतेय मी, ताई. जेवताना तुझं कौतुक, चहा पिताना तुझं कौतुक. आईला दवाखान्यात मी नेते, तिच्या औषधांच्या वेळा मी सांभाळते, ते कुणाच्या खिजगणतीत नाही. आता कुठे माझं काही होतंय, तर तूच आडवी येतेस?"

घरच्यांना बरं वाटावं म्हणून हा सगळा पसारा मांडला होता. तो बघून बघून घरातलीच एक कष्टी होत असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, पण त्याहून भीती मोठी होती. घड्याळात सात मिनिटं उरली होती. तिने पडदा ओढून मीटर दाखवला आणि मग फोन फिरवला.

"काय करतेस गं बाई!" मावशी ओरडल्या आणि त्यांनी पांघरुणात तोंड खुपसलं. बाकीच्या भिंतीकडे वळल्या. थोरलीने एकेक पलंग दाखवला, दोरीवरचे ओले कपडे दाखवले, आपल्या शेजारचा, खिडकीजवळचा रिकामा पलंग दाखवला. रुळाचं सांगितलं. हाताचं सांगितलं. सांगताना तिला रडू आवरलं नाही.

धाकटी मांडीवरच्या कागदांकडे बघत राहिली. थोरलीच्या जिवात जीव आला. घाबरली, बरं झालं, आता काही यायची नाही.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तो खिडकीजवळचा पलंग तिचाच ना? तुझ्या शेजारचा?"

"हो."

"मग तो मलाच मिळेल का गं?"

"अगं, मी काय सांगितलं ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. हात नाही लावायचा. एवढं कळतं मला, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तिने मांडीवरचे कागद उचलून फोनसमोर धरले. "हे बघ, सगळं भरून झालंय. फक्त सही राहिलीय."

कागद घडीवर वाकून नीट दिसेनात, म्हणून तिने ते परत मांडीवर ठेवले. ती बोलतच होती, कोणती बॅग आणू, थंडी किती असते, आईला कसं सांगू. थोरलीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. बोलता बोलता धाकटीचा तळहात कागदावरच्या घडीवरून फिरत होता, एकदा, दोनदा, घडी पार सपाट होईपर्यंत.