डाव्या कुशीवर वाचलेला महिना

सहावा महिना सरत होता तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आणि म्हणाल्या, "आता आणखी एक महिना तरी बाळ पोटात राहायला पाहिजे." याआधी दोनदा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे त्यांना जास्त समजावून सांगावं लागलं नाही. मी मन्नाएखेळ्ळीच्या शाळेत गणित शिकवते. रोजचं बसनं जाणं-येणं बंद झालं. मैलूरमधल्या आमच्या घरी नवऱ्यानं पलंगाच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या. पाय वर, डोकं खाली, आणि होईल तितकं डाव्या कुशीवर. उठायचं ते फक्त मोरीपर्यंत.

पहिले दोन दिवस मी मोबाइलवर नको तेच शोधत राहिले. इतक्या आठवड्यांचं बाळ बाहेर आलं तर जगतं का, हे. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं मोबाइल काढून घेतला.

"पुस्तकं आणतो. कोणती आणू?"

"कोणतीही. फक्त हातात धरता आली पाहिजेत."

त्यानं पहिल्यांदा आणली ती धरणात बुडालेल्या गावावरची जाडजूड कादंबरी. कुशीवर पडून ती धरली की पाच मिनिटांत मनगट दुखायचं. त्यानं भाजी चिरायच्या सुरीनं बांधणीत कापून तिचे चार भाग केले. पुस्तकाचं पान दुमडलं तरी मी मुलांवर रागावते, पण तेव्हा पहिला भाग लगेच वाचायला घेतला. मग हिमालयातल्या चढाईवरचं एक पुस्तक आलं, सापांवरचं एक आलं, आणि शाळेतल्या सहकारी अक्कानं कन्नड कथांचा संग्रह पाठवला. कन्नड मी शाळेत शिकले, बोलते रोज, पण अर्ज आणि परिपत्रकांपलीकडे कधी वाचलं नव्हतं. एका पानाला दहा मिनिटं लागायची. तेच बरं वाटायचं. अक्षरं जुळवताना मन दुसरीकडे पळायचं नाही. बाकी पुस्तकं वाचताना एक हात पोटावरच असायचा. बाळ हललं नाही, की त्या पानावर काय होतं ते आठवायचं नाही.

माझ्या देखभालीला आत्या, म्हणजे सासूबाई, हुलसूरहून आल्या होत्या. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. सापांचं पुस्तक त्यांनी पहिल्याच दिवशी कपाटावर टाकलं. बाकीच्या प्रत्येक पुस्तकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"यात कोणी मरतंय का?"

"न्हाई, आत्या."

कादंबरीच्या दुसऱ्या भागात एक बाळंतीण गेली. आत्या समोर मेथी निवडत बसल्या होत्या. चेहरा हलू न देता मी ती पानं वाचली. हिमालयाच्या पुस्तकात बर्फाचा कडा कोसळायची चिन्हं दिसू लागली तशी मी ते मिटलंच.

सोळाव्या दिवशी दुपारी कन्नड कथा वाचत असताना अंगाखाली ओल लागली. रक्त होतं. मी हाक मारली तशी आत्या धावत आल्या. रिक्षा बोलावली, फाइल आणि कपडे पिशवीत भरले. नवरा कामाला कलबुर्गीला गेला होता, त्याला फोन केला. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला आत्या रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "हळू, बाबा, हळू."

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, बाळाचे ठोके ऐकवणारा पट्टा पोटाला लावला. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या, थांबायला सांगितलं. यंत्राची टकटक मध्येच मंद झाली की आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता यंत्राकडे बघायचो. थोड्या वेळानं आत्यांनी पिशवीतून ते कन्नड पुस्तक काढलं. कपड्यांबरोबर त्यांनी तेही भरलं होतं.

"वाच."

"आत्या, कन्नड आहे."

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय मला कन्नड. वाच मोठ्यानं."

मी अडखळत वाचू लागले. त्या उच्चार सुधारत होत्या, मला न कळलेल्या शब्दांचा अर्थ सांगत होत्या. कथेत एका बाईचं पोर आडाच्या काठाशी खेळत होतं. मी थांबले.

"कामून थांबलीस?"

"पुढं पोर मरतंय, आत्या. दुपारी तिथवर वाचलंय मी."

त्यांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "माझे दोन गेलेत. तुझ्या नवऱ्याच्या आधी. कोणी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. तू वाच. त्या बाईनं पुढं काय केलं ते कळू दे मला."

मी वाचलं. गावात दुसरा आड नव्हता. चौथ्या दिवशी ती बाई घागर घेऊन त्याच आडावर गेली.

"व्हय," आत्या म्हणाल्या. "जावंच लागतंय."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. टाका शाबूत होता, पाणी फुटलं नव्हतं. सहा दिवस तिथंच ठेवून घेतलं. घरी आल्यावर आत्यांनी स्वतःच सापांचं पुस्तक खाली काढलं आणि स्वयंपाक आटोपला की माझ्याजवळ बसू लागल्या. काय मरतंय, कोण मरतंय हे विचारणं बंद झालं होतं. एकदा मीच विचारलं, त्या दोघांची नावं ठेवली होती का. "एकाचं," त्या म्हणाल्या आणि नाव सांगितलं. नवऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

महिना पुरा झाला त्या दिवशी आम्ही कोणीच काही बोललो नाही. बोललो तर बिघडेल अशी भीती होती. पुढे आणखी महिनाभर बाळ पोटात राहिलं आणि मग एका सकाळी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. रडली ती मांजराच्या पिल्लासारखी. मला दुरूनच दाखवून तिला काचेच्या पेटीत नेलं.

आत्या बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. नर्सनं त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, मुलगी आहे, श्वास घेते आहे. नवरा नंतर सांगत होता, त्यांनी तिच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि मग तिथंच फरशीवर बसल्या. कोणीतरी खुर्ची आणली, पण त्यांना उठवेना.