लिफ्टवाल्यांचा राखीव शब्द

आमचे धाकटे भावजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि दिवसभर लोकांच्या फिरक्या घेतात. "वहिनी, चहातल्या साखरेनं राजीनामा दिला वाटतं?" हे तर रोजचंच. त्यांचा जोडीदारही तसलाच, खेचाखेचीत एक नंबर.

पण एक शब्द दोघांनी थट्टेबाहेर ठेवलाय: 'सिरियसली'. कामात एक जण लिफ्टच्या टपावर, तर दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. तोंडं दिसत नाहीत, आवाज तेवढा पोचतो. "अरे मेलो, थांब!" हे मस्करीत इतक्यांदा होतं की खऱ्या संकटाला वेगळा शब्द हवा. तो ऐकला की हात थांबवायचा, कारण विचारायचं नाही. ज्यानं तो उच्चारला, त्याला पुन्हा थट्टा सुचेपर्यंत काम बंद.

हल्ली कुणी नुसते केस कापले तरी पोरी डोळे मोठे करून "सिरियसली?" म्हणतात. भावजींना ते सोसत नाही. एकदा त्यांनी मला त्या शब्दाचं मूळ विचारलं. मी कोश काढला. "लॅटिनमधून आलाय. मुळात वजनदार, हलक्यात न घेण्यासारखा. त्यावरून गांभीर्यानं, मनापासून."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला की!"

परवा आमच्याच इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत दमा असलेल्या एक निवृत्त शिक्षिका. जोडीदार वर हातानं चाक फिरवून लिफ्ट इंच इंच खाली घेत होता, भावजी टपावर उभे राहून अंदाज देत होते. मी वरच्या मजल्याच्या उघड्या दारातून वाकून पाहत होते.

"ये, ये... बायको बोलावते तशी हळू ये," भावजी म्हणाले. मग एकदम, साध्या आवाजात, "सिरियसली."

वरचं चाक थांबलं.

त्यांचा पाय टपावरचं आडवं लोखंड आणि भिंतीतून पुढे आलेली लोखंडी पट्टी यांच्यात सापडला होता. लिफ्ट वीतभर उतरली असती तर घोट्याचा चुरा.

आतून बाईंची घरघर ऐकू येत होती. त्यांचा मुलगा खालून ओरडला, "थांबलात का? आई गुदमरतेय!"

"अहो, तो नेहमीचा मस्करीखोर," सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या मागून वर बघून गरजले. "चालवा, मी सांगतो!"

वरून जोडीदाराचा आवाज आला, "तुम्ही नका सांगू. तो सांगेल."

"बाईंना काही झालं तर तुझ्यावर येईल!"

"येऊ दे."

भावजी वाकून बुटाची नाडी सोडत होते. गाठ ओली, सुटता सुटेना. मुलाच्या शिव्या चालूच. शेवटी पाय सुटला, बूट तिथंच राहिला. भावजी भिंतीला टेकले, दोनदा तोंड उघडलं, पण आवाज येईना. वरचं चाक अजून थांबलेलंच. मग कसंबसं, "बूट जुनाच होता रे. नवीन तू घेणार आहेस."

"तुझ्या पायाचं माप गाढवाच्या दुकानात मिळतं," वरून उत्तर आलं आणि चाक फिरलं. खाली बूट कचकन चिरडला गेला.

बाई बाहेर आल्या, पंप ओढला, सावरल्या. सेक्रेटरी कुणाकडेच न बघता जिना उतरून गेले.

आमच्या स्वयंपाकघरात भावजींना कप धरवेना. जोडीदारानं तो धरला आणि त्यांच्या ओठांना लावला.