पेपर या शब्दाची कुळी

पीरमहंमद मास्तराला इंग्रजी शब्दांची कुळी काढायचा भारी नाद. कुठला शब्द कोणत्या मुलखातून आला, वाटेत कुणाच्या घरी राहिला, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतःच्या कुळीचं मात्र विचारू नये.

साल एकोणीसशे सात. मंचरच्या मराठी शाळेला गावकऱ्यांनी नुकताच इंग्रजी पहिलीचा वर्ग जोडला होता आणि त्यावर बाविशीतला पीरमहंमद हंगामी मास्तर म्हणून आला होता. मुख्य गुरुजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “वडील काय करतात?” त्याच्या तोंडून निघून गेलं, “व्यापार.” एकदा निघालं ते निघालंच. मागे कसं घेणार?

खरी गोष्ट अशी की त्याचा जन्म जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यातला. आडनावच कागदी. बाप सत्तारभाई फाटकी गोणपाटं आणि जुने दोर चुन्यात कुजवायचे, पायांनी तुडवायचे आणि त्या लगद्याचे हौदातून कागद काढायचे. त्या तुडवण्यातच सगळी मेख होती. या मुलखात कागदाला चुकून पाय लागला तर पोर लगेच हात लावून कपाळाला नेतं. पीरमहंमद शाळेत शिकत होता तेव्हा एका सोबत्याने भर वर्गात म्हटलं होतं, “ह्याचा बा इद्येला लाथा घालतो!” वर्ग हसला. पीरमहंमदही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

तेव्हापासून त्याने आडनाव टाकलं. गेल्या ईदेला घरी गेला तेव्हा बापाला बजावून आला, “अब्बा, मंचरला आलात तरी शाळेकडे येऊ नका. वरचे लोक रागावतात.” सत्तारभाईंनी मान हलवली. कोण वरचे लोक, ते विचारलं नाही.

आणि मग डिप्टी साहेब तपासणीला आले. पीरमहंमदला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यांच्या एका शेऱ्यावर होतं. साहेब पगडी सावरून खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हं मास्तर, एखादा शब्द घ्या. नुसता अर्थ नको, मुळापासून सांगा.”

पीरमहंमदने फळ्यावर लिहिलं: पेपर. महिनाभर घोटलेला धडा होता तो. मिसर देशात नाईल नदीकाठी लव्हाळ्यासारखं एक झाड, पपायरस. त्याच्या पट्ट्या चिकटवून लोक लिहीत. तेच नाव ग्रीक, मग लॅटिन, मग फ्रेंच असं करत करत विलायतेला पोचलं. आता परीक्षेचा कागद तो पेपर, वर्तमानपत्र तेही पेपर, कचेरीतले दस्तऐवज तेही पेपर्स.

“छान,” साहेब म्हणाले. “आणि आपला ‘कागद’ शब्द कुठला?”

हा शब्द तर त्याच्या आडनावातच बसलेला! फारसीतून आला, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण त्या वाटेने गेलं की दोन पावलांवर आपलं घर लागतं, या भीतीने तो म्हणाला, “ठाऊक नाही, साहेब.”

“बरं, मुलांनो, कागद आपल्याकडे कुठं होतो?”

“जुन्नरला!” सगळा वर्ग ओरडला.

दारातला शिपाई गेणभाऊ उत्साही माणूस. “साहेब, आज एक जुन्नरचा कागदवाला बाजारात बसलाय. आनू का बोलावून?”

“आणा. पोरांना प्रत्यक्ष दिसेल.”

जुन्नरचे कागदवाले का थोडे आहेत, असं पीरमहंमद मनाला समजावत राहिला. पण गिरणीच्या स्वस्त कागदाने जवळची गिऱ्हाइकं तुटली होती आणि सत्तारभाईंना मंचरपर्यंत पाय ओढावे लागत होते, हे त्याला चांगलं माहीत होतं.

दारात तेच उभे राहिले. डोक्यावर गठ्ठा, पायांना चुन्याने पडलेल्या भेगा. त्यांनी वर्ग पाहिला, साहेब पाहिले, मग मुलाकडे पाहिलं.

“मास्तर, हे तुमच्या ओळखीचे?” साहेबांनी सहज विचारलं. मास्तरचं गाव जुन्नर, एवढं शाळेच्या दप्तरात होतं, म्हणून.

“नाही,” पीरमहंमद म्हणाला.

सत्तारभाईंनी गठ्ठा खाली ठेवला. “आमी गरीब मानसं, साहेब. मास्तरसाहेब आमाला कशाला वळखतील?” आणि कागद कसा होतो ते त्यांनी पोरांना सांगितलं. तुडवण्यापाशी आल्यावर पोरं फिसफिसली. बहिरू नावाचा पोरगा म्हणालाच, “पायानं? पाप लागत न्हाई व्हय, चाचा?”

“त्यावर अजून काय लिवलेलं नसतंय, बाळा. एकदा लिवलं, की आमीबी कपाळाला लावतो.”

साहेब खूश झाले. “मास्तर, यातला एक बरा ताव निवडा. मी विकत घेतो.”

पीरमहंमदने गठ्ठ्यातून ताव ओढला. पुढचं त्याच्या हातांनी आपोआप केलं. ताव कानाशी धरून झटकला, आवाज ऐकला आणि कोपरा जिभेला लावला. कागदाला चढवलेली खळ कच्ची असली की ओल पसरते आणि शाई फुटते. मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही कागद असाच पारखतं. मोहल्ल्याबाहेर मात्र कुणीही नाही.

“मास्तरांनी कागद चाटला!” बहिरू किंचाळला.

साहेबांची भुवई वर गेली. आता एक शब्द, ‘अब्बा’, एवढाच म्हणायचा होता. पीरमहंमदचे ओठ हललेसुद्धा. पण तेवढ्यात सत्तारभाई घाईने म्हणाले, “मगाशी दारात मीच सांगितलं मास्तरांना, साहेब, असा बघायचा म्हनून. हुशार हायत, लगेच उचललं.”

दारात ते दोघं एक अक्षरही बोलले नव्हते.

दुपारी शाळा सुटताच पीरमहंमद बाजारात धावला. गठ्ठा उठला होता. जुन्नरकडे जाणाऱ्या कळंबच्या रस्त्यावर त्याने त्यांना गाठलं.

“अब्बा!”

“बोला, मास्तर.”

माझं चुकलं, हे म्हणायला तो आला होता. म्हणाला काय, तर “ऊन फार आहे. थांबा जरा.”

“न्हाई, उजेडात कळंब गाठायचंय.” आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गाला सांगून टाकलं. काल आलेले ते माझे वडील. माझं आडनाव कागदी. ‘कागद’ शब्द फारसीतून आला, तेही मला ठाऊक होतं. पोरांनी शांतपणे ऐकलं. मग बहिरूने विचारलं, “मंग काल का न्हाई सांगितलं, गुर्जी?”

खरंच की! साहेब गेल्यावर दहा वर्षांच्या पोरांपुढे दाखवलेल्या या धाडसाचं करायचं काय, हे पीरमहंमदला स्वतःलाही कळेना. त्याने फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

पंधरा दिवसांनी साहेबांचा शेरा आला: ‘शिक्षक तरतरीत. स्थानिक धंद्याची ओळख प्रत्यक्ष करून देण्याची हातोटी वाखाणण्याजोगी. कायम करावे.’ मुख्य गुरुजींनी पेढे मागितले. त्याने आणून दिले, स्वतः एकही खाल्ला नाही.

पुढच्या ईदेला तो घरी गेला. आई बिबिजानने पोराला जवळ घेतलं. सत्तारभाईंनी मात्र पाहुण्यासाठीची चटई झटकून अंथरली. “बसा, मास्तर. पाणी घ्या.”

“असं काय करताय?” बिबिजान वैतागली. “पोराला कुणी अहोजाहो करतं का?”

“मास्तर हायत ते,” सत्तारभाई म्हणाले. रागाने नव्हे. रागावले असते तर पीरमहंमदला पाय तरी धरता आले असते.

दोन दिवस तो त्या चटईवर बसला. निघताना सत्तारभाई दारापर्यंत पोचवायला आले, हात कपाळाशी नेऊन म्हणाले, “सवड झाली की या कधी.”

घरच्या माणसाला असं कुणी म्हणत नाही.