एक दिवसाआडचा बाक

गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खाली कापूस जमायचा. झाडूवाला पुढे झाडत जायचा आणि त्याच्या पाठीमागे कापूस पुन्हा जमायचा. कुणी मुद्दाम टाकत नसे. किश्शांचंही तसंच आहे बघा. चार माणसं एका जागी बसायला लागली की ते आपोआप जमतात. फरक एवढाच की, ते झाडून जात नाहीत.

आमची ती जागा म्हणजे लालबागच्या एका गल्लीतला टीबीचा दवाखाना, आणि त्याच्या व्हरांड्यातला लाकडी बाक. गिरण्यांच्या संपाला तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती. संप संपला असं आम्हाला कुणी कधी येऊन सांगितलं नाही. तो धुतलेल्या कापडासारखा विटत गेला. साचे थांबले, भोंगा थांबला. छातीतली घरघर तेवढी चालू राहिली.

बाकावर आम्ही चौघं. मी साचेवाला, कणकवलीकडचा. माझ्या शेजारी गणपत, तोही साचेवाला, तोही कणकवलीकडचा. पलीकडे कांबळे, वरळीच्या बीडीडी चाळीतला, सुतखात्यातला माणूस. आणि अगदी कडेला, पदर नाकापर्यंत ओढून, शांताबाई. तिची गोष्ट पुढे येईल.

एक दिवसाआड जायचं, सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या. घरी न्यायला मिळायच्या नाहीत. माणसं घरी नेतात आणि जरा बरं वाटलं की घेत नाहीत, असा सिस्टरचा अनुभव. गिळून झालं की ती म्हणायची, "आ करा. जीभ वर."

पहिल्याच दिवशी कांबळेने आ केला, जीभ वर केली, खाली केली आणि म्हणाला, "सिस्टर, गिरणीच्या गेटवर एवढी झडती झाली असती ना, तर एक वार कापड बाहेर गेलं नसतं."

सिस्टर हसली नाही. म्हणाली, "अजून एक गोळी राहिलीय. गालात आहे."

*

गिरणीत बदलीवाला नावाची एक जात असायची. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदली उभा राहायचा. गावी लग्न असो, लावणी असो, साचा थांबता कामा नये. आमची सगळी हयात या हिशेबात गेली.

तर गणपतला गावी भाच्याच्या बारशाला जायचं होतं. दवाखान्यात खाडा झाला तर नाव कमी होईल, ही त्याला भीती. गड्याने काय करावं? आपल्या मेव्हण्याला पाठवून दिलं.

नेमकी त्या दिवशी आमची सिस्टर रजेवर. तिच्या जागी दुसरी बाई. तिने नाव पुकारलं, मेव्हणा उठला. चांगला धडधाकट, घाटकोपरला गाड्या उतरवणारा. तिने गोळ्या दिल्या. त्याने गिळल्या. जीभसुद्धा दाखवली. आम्ही पाहतो तोवर मामला आटोपलाही होता.

आमच्या पुढच्या फेरीला दवाखाना उघडायच्या आधी मेव्हणा दारात. चेहरा पांढरा. लघवी नारिंगी झाली म्हणून त्या रात्रभर मुतारीत उभा होता बिचारा. आम्हा सगळ्यांची व्हायचीच, ती त्या गोळीची खूण. पण त्याला कोण सांगणार?

आमची सिस्टर परत आली होती. तिने डोक्याला हात लावला. "अहो, दुसऱ्याच्या गोळ्या तुम्ही कशाला घेतल्या?"

"मी त्याचा बदली," मेव्हणा म्हणाला. "त्याची हजेरी नको लागायला?"

कांबळे बाकावरून शांतपणे म्हणाला, "सिस्टर, त्याला रागावू नका. तुमची पण त्या दिवशी बदलीच होती. बदलीने बदलीला गोळ्या दिल्या. आमची गिरणी अशीच चालायची."

*

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर यायचा. मनाने फार चांगला. प्रत्येकाला जवळ बसवून समजवायचा.

गणपतला म्हणाला, "हवेशीर खोलीत झोपत जा. खिडकी उघडी ठेवा."

गणपत म्हणाला, "ठेवली असती साहेब, पण खिडकीत भाऊ झोपतो."

डॉक्टर म्हणाला, "बरं, मग आहार सांभाळा. अंडी, दूध, फळं."

गणपतने नीट ऐकून घेतलं आणि हात जोडले. "साहेब, ते पण गोळ्यांसारखं इथेच तुमच्यासमोर द्या ना. घरी नेलं तर पोरं खातात."

डॉक्टरने पेनाला टोपण लावलं.

*

एकदा मी बाकावर गणपतला जुनं काहीतरी सांगत होतो. मागावर इकडून तिकडे धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून काढायला लागायचं. मग आम्ही काय करायचो, धोटा तोंडाला लावायचा आणि श्वास ओढायचा. धागा सुर्रकन बाहेर. एकच धोटा, आधी मी तोंडाला लावायचो, पाळी बदलली की दुसरा कामगार तोच लावायचा.

सिस्टर ऐकत होती. म्हणाली, "आणि तुम्ही विचारता, मला टीबी कुठून झाला."

कांबळे हसायला लागला. एवढा हसला की खोकला लागला.

"सिस्टर," तो म्हणाला, "माझ्या बापाला साचेखात्यात उभा करायचे नाहीत. का, तर धागा तोंडाने ओढायचा असतो, आणि आमचं उष्टं यांना चालायचं नाही. यांनी एकमेकांचं ओढलं. माझा बाप सुतखात्यातच राहिला आणि चांगला म्हातारा होऊन गेला. यांचे उपकार आहेत आमच्यावर."

मी खाली बघितलं. गणपतनेही बघितलं. शांताबाईने पदर जरा आणखी ओढला.

मग कांबळेच म्हणाला, "पण शेवटी मला पण झालाच. तेवढी समानता आली म्हणायची." आणि त्याने खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून बाकावर मधोमध ठेवली.

*

आता शांताबाई.

ती खाणावळवाली. नवरा संपानंतर दोन पावसाळ्यांत गेला. चाळीतल्या एका खोलीत ती गिरणीवाल्यांना जेवण घालायची. गिरणी गेली तरी एकटे राहिलेले बाप्ये होतेच, ते जेवायचे. सगळे आमच्याच तालुक्यातले. तसंच असायचं तेव्हा. दुसऱ्याला कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि ये म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं.

खाणावळवालीला टीबी झालाय हे कळलं तर पानावर कोण बसेल? म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात यायची ती हातात डबा घेऊन. कुणी विचारलं तर सांगायची, एका आजारी माणसाला जेवण पोचवते. डबा रिकामा. कांबळेला माहीत होतं. तो दर वेळी विचारायचा, "शांताबाई, आज काय आणलंत आजाऱ्याला?" ती म्हणायची, "हवा."

तिच्या पानावर एक राणे होता. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, पण जिभेचा मोठा चोखंदळ. भिंतीला टेकून बसायची त्याची जागा ठरलेली. त्याला वाटायला लागलं, की डबा सुरू झाल्यापासून आपल्या ताटातला बांगडा बारीक झालाय. चांगला बांगडा त्या डब्यातून कुणीतरी दुसरा खातोय!

बोलून दाखवेना. मनात मात्र कुढत बसला. आणि एक दिवस हा शहाणा तिच्या मागोमाग निघाला, आपला बांगडा पकडायला.

आम्ही बाकावरून बघतो तर व्हरांड्याच्या खांबाआड राणे. आत शांताबाई सिस्टरसमोर उभी. तोंड उघडं, जीभ वर.

राणेने भिंतीवरची पाटी वाचली. पुन्हा शांताबाईकडे बघितलं. बांगडा विसरला आणि तरातरा चालता झाला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्ख्या खाणावळीला उपास लागला. एकाचं पोट बिघडलं. एकाला शीवला राहणाऱ्या बहिणीने जेवायला बोलावलं. एकाच्या दाताला कळ लागली. राणे तर दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "वयनी, माका आज ग्यास झालो हा."

"तुझो ग्यास कधी उतरतलो?" शांताबाईने विचारलं.

"सांगाक येना नाय," राणे म्हणाला आणि गेला.

आम्ही सिस्टरला सांगितलं. ती स्वतः चाळीत आली. गॅलरीत उभी राहून सगळ्यांना समजावलं, की हा आजार ताटातून होत नाही. बाईच्या गोळ्या कधीच्या सुरू आहेत, थुंकी तपासलीय, तिच्यापासून आता कुणाला काही होणार नाही. बाप्यांनी माना डोलावल्या. "बरोबर आहे सिस्टर, बरोबर आहे." एकाने तिला खुर्ची दिली, एकाने सरबत आणलं. आणि सगळे नाक्यावर जाऊन वडापाव खाऊन आले.

शांताबाई बाकावर येऊन बसली. डबा आणला नव्हता. तिने सिस्टरला विचारलं, "गोळ्या गावाक मिळतील?"

खाणावळ चालली नाही तर ती मुंबईत राहणार कशावर? गावी दिराचं घर होतं, डोंगराच्या पलीकडे. तिथून एक दिवसाआड दवाखाना गाठणं तिला झेपणारं नव्हतं. आणि औषध मध्येच सोडलं तर काय होतं, ते बाकावर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या आधी त्या बाकावर बसलेली माणसं आम्हाला ठाऊक होती.

सिस्टर म्हणाली, "तुम्ही जायचं नाही."

मी म्हटलं, "आपणच जाऊया जेवायला."

गणपत म्हणाला, "आपण तिघं खोकत बसलो तर ती खाणावळ दिसेल का वॉर्ड?"

ते खरं होतं. आम्ही कांबळेकडे बघितलं, तो काहीतरी बोलेल म्हणून. त्याने त्या दिवशी शेंगदाणेही काढले नाहीत.

*

मी आपला रोज दुपारी तिच्याकडे जाऊन चुलीशेजारी बसायचो. लसूण सोलून द्यायचो. लसणाचं काही काम नव्हतं, खायलाच कुणी नव्हतं. पण ती नेहमीएवढा स्वयंपाक करायची आणि ताटं मांडायची. संध्याकाळी ते जेवण चाळीच्या मागे कुत्र्यांना जायचं. असे काही दिवस गेले. तिने ट्रंक खाली काढून ठेवलेली मी बघितली.

त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. तिरफळं घातलेलं, लालभडक. वास जिन्यापर्यंत गेलेला.

दारात पावलं वाजली. कांबळे उभा. त्याच्यामागे त्याच्या चाळीतले चार दोस्त, निळ्या गणवेशात. आमच्याच गिरणीच्या जागेवर टॉवर उठत होता, तिथे हे रात्रपाळीचे वॉचमन.

कांबळेने आत नजर फिरवली. सगळी ताटं मांडलेली, एकही माणूस नाही.

"शांताबाई," तो म्हणाला, "जागा आहे का?"

मी लसूण सोलायचा थांबलो. किती महिने ते दोघं एका बाकावर बसत होते, एका माठातलं पाणी पीत होते. पण बाक तो बाक आणि घर ते घर. शांताबाई पळी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "कांबळेनू, चपला भायर काढा. हात धुवा. उद्यापासून येळेवर येवचा, उशीर झालो तर बांगड्याची शेपटी गावतली."

ते जेवले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आले. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. शांताबाई बाकावर यायची ती आता पदर मागे टाकून.

आणि मग एका दुपारी राणे आला.

आधी गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. मग दारात. आत पंगत भरलेली. त्याच्या भिंतीला कांबळे टेकून बसलेला. राणे बघत राहिला. कांबळेकडे, मग त्याच्या ताटाकडे, मग पुन्हा कांबळेकडे. जागा एकच रिकामी होती, कांबळेच्या शेजारची.

शांताबाई वाढता वाढता म्हणाली, "ग्यास उतरलो?"

"उतरलो," राणे म्हणाला.

"मग जेवक बस. दारात वारो अडवू नको."

राणे बसला. अंग चोरून बसला. ताट पुढ्यात आलं आणि त्याने पहिलाच घास असा मोठा घेतला, की इतक्या दिवसांचा वडापाव त्यात वसूल व्हावा. तिखलं होतं ते. सवय मोडलेली. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि खोकला तर असा सुटला की थांबेचना. पंगतीतल्या सगळ्यांनी हात थांबवले. शांताबाई पळी घेऊन तशीच उभी.

पाण्याचा तांब्या कांबळेच्या पलीकडे होता. राणेने हात पुढे केला, बोलता येईना.

कांबळेने तांब्यातून पाणी ओतलं, पेला त्याच्या हातात दिला. राणे घटाघटा प्यायला. कांबळेने त्याच्या पाठीवर हलकेच थापटलं आणि म्हणाला, "हळू खोक रे, राणे. बाईची खाणावळ बंद पाडशील."