मला पाठ असलेला लेख

धारवाडला केलगेरीच्या तळ्यावर सकाळी फिरत होतो तेव्हा अक्काचा फोन आला. "अरे, दिगू गेला," एवढंच ती म्हणाली. दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र, अक्का त्याची मोठी बहीण. फोन ठेवल्यावर रडू यायला हवं होतं. त्याआधी मनात आलं ते हे, की आता तो लेख फक्त मलाच ठाऊक आहे. या विचाराची लाज वाटते, म्हणून तो आधी लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हुबळीतल्या आमच्या मराठी शाळेत दर महिन्याला भित्तिपत्रक निघायचं. जिन्याखाली काचेची पेटी, आत टाचलेले कागद. दिगूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून तो लिहायचा आणि मी सुवाच्य उतरवायचो. "अक्षर याचं, अक्कल माझी," तो सगळ्यांसमोर म्हणायचा आणि मोठ्यानं हसायचा. मीही हसायचो. पण मुलं पेटीपुढं गर्दी करायची ती त्याचं नाव शोधत. मी कविता करायचो, त्या कोणी वाचत नसे.

नववीत त्यानं पाण्यावर लेख लिहिला. हुबळीत नळाला तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि शाळेत मुलींच्या संडासात तर कधीच नसायचं. त्यामुळे मुली दिवसभर पाणी पिणंच टाळायच्या. अक्का दहावीत होती. संध्याकाळी डोकं धरून घरी यायची, आल्याआल्या तांब्याच तोंडाला लावायची. त्यावर तो लेख होता. उतरवताना माझ्या हातून शाई सांडली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून उतरवला. दुसऱ्यांदा लिहिताना कळलं, की यातलं एक वाक्यसुद्धा आपल्याला जन्मात जमणार नाही. त्या वयात एखाद्याचा इतका हेवा वाटू शकतो, हे कुणाला सांगून पटणार नाही.

पेटीत लावायच्या आधी हेडसर सगळं वाचत. ते वाईट नव्हते. पुढच्या आठवड्यात देणगीदार यायचे होते आणि दोन खोल्यांचं छप्पर गळत होतं. "घरातल्या मुलीची गोष्ट भिंतीवर लावतोस? शाळेची अब्रू काय राहील?"

"सर, त्यात खोटं काय आहे ते सांगा, खोडतो," दिगू म्हणाला.

सरांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि माझ्याकडे वळले. "तू कविता करतोस की. जागा भर."

दिगू माझ्याकडे बघत होता. मी 'नाही' म्हणालो असतो, तर जागा मोकळी राहिली असती, बस्स. मी खिशातून 'पहाट' नावाची कविता काढली. पहाटे मी कधी उठलेलो नव्हतो.

कविता महिनाभर काचेखाली होती. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणीच न वाचलेल्या दिगूच्या लेखाची चर्चा मात्र शाळाभर झाली. अक्का त्याच्यावर भडकली. "माझ्यावर लिहायच्या आधी मला विचारलंस काय? मी काय आपल्या अप्पांच्या दुकानातला कापडाचा तागा आहे, उलगडून दाखवायला?" तिचंही खरं होतं. दिगूनं मान खाली घातली. पण मग तीच चार मुलींना घेऊन सरांकडं गेली, आणि संडासाशी पाण्याचं पिंप आलं. त्या पिंपाचासुद्धा मला हेवा वाटायचा...

पुढं दिगू हुबळीतच दाजीबानपेठेत अप्पांच्या कापडाच्या दुकानात बसला, मी धारवाडला नोकरीला लागलो. दोन हजारनंतर कधीतरी शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिकेसाठी दिगूकडं तोच लेख मागितला गेला. मी दुकानात गेलो तेव्हा त्यानं चहा मागवला.

"खर्डा मी ठेवला नाही बघ. तू दोनदा उतरवलास. आठवतं काय काही?"

"नाही रे," मी म्हणालो, "किती वर्षं झाली."

"मलाही नाही. पाणी पीत नाही, असं काहीतरी होतं..." त्यानं कप खाली ठेवला. मग हसला. "जाऊ दे. तुझी पहाट उगवू दे परत."

मला तो लेख तेव्हाही स्वल्पविरामासकट पाठ होता. तो छापला असता तर दिगू पुन्हा दिगू झाला असता, आणि मी पुन्हा नुसतं अक्षर. 'पहाट' छापून आली. दिगूनं फोन करून अभिनंदन केलं, तेही मनापासून.

परवा दुकानात गेलो. दाराशी त्याचा फळा अजून आहे. त्यावर तो रोज एक ओळ लिहायचा, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. शेवटची ओळ तशीच होती, कोंबडीच्या पायांची. 'आज नळ आला नाही. गिऱ्हाइकांनी चहाचा आग्रह धरू नये.'

"पुसवत नाही रे," अक्का म्हणाली. "पण उद्यापासून दुकान उघडायचंय. खाली काहीतरी लिही तू. तुझं अक्षर चांगलं."

मी खडू घेतला. त्याच्या ओळीला धक्का न लावता खाली लिहिलं, 'माझी अक्का शाळेत पाणी पीत नाही.'

अक्कानं वाचलं. तिनंही तो लेख कधी पाहिला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं पदरानं फळ्याचा खालचा कोपरा, जिथं खडूची जुनी धूळ होती, तो पुसून साफ केला.

"थांबलास कशाला?" ती म्हणाली. "पुढचं लिही."